सातपुड्यातलं पांढरं अस्वल

तक्रार नोंदवहीत वरपासून खालपर्यंत एकच ओळ आहे : ‘संगणकाचा आवाज येत नाही.’ समोरच्या रकान्यात वेगळ्या अक्षरात, वेगळ्या शाईत शेरा : ‘आवाज सुरू करून दिला. तक्रार निकाली.’ पान उलटा. तीच ओळ, तोच शेरा. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेतली ही वही. शाळेचं नाव घेत नाही. एकीचं घेतलं तर बाकीच्या रुसतील.

गंमत अशी, की वहीतला एकही शेरा खोटा नाही. शहाद्याहून येणारा पोरगा खरोखरच आवाज सुरू करून देतो. स्पीकरमधून ‘टुंग’ वाजवून दाखवतो, गुरुजींची सही घेतो, चहा पितो आणि मोटारसायकलला किक मारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक लावला, की खाली कोपऱ्यातल्या भोंग्यावर लाल फुली. फोन केला, की सल्ला तयार असतो : ‘सर, एकदाव रिस्टार्ट करी देखा ना.’

अरे बाबा, रिस्टार्ट केला म्हणूनच तर गेला!

पण रिस्टार्टवरची आपली श्रद्धा अढळ आहे. मोबाइल अडला, रिस्टार्ट. राऊटर रुसला, रिस्टार्ट. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन गप्प बसलं, रिस्टार्ट. योजना अडली तर अधिकारी बदलतात, म्हणजे तोही रिस्टार्टच. नवे साहेब येतात, आढावा घेतात, मागच्या साहेबांचा फलक उतरतो, आपला चढतो, आणि पुन्हा पहिल्यापासून ‘सुरुवात होत आहे, कृपया थांबा’. नंदुरबारकर थांबण्यात तरबेज आहेत.

आता एक योगायोग सांगतो, तो मी रचलेला नाही. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. त्याच्या सहाच दिवस आधी, २५ जूनला, विंडोज ९८ बाजारात आलं. एका आठवड्यातली भावंडं ही. विंडोज ९८ ला कंपनीने २००६ साली निवृत्त करून टाकलं. जिल्हा मात्र सेवेत राहिला आणि २०१८ साली त्याला ‘आकांक्षित जिल्हा’ हा हुद्दा मिळाला. महाराष्ट्रातले चार निवडले गेले : गडचिरोली, वाशिम, तेव्हाचं उस्मानाबाद आणि आपण. आपल्यालाही आकांक्षा आहेत, हे दिल्लीला कळायला वीस वर्षं लागली. कळलं हे काय थोडं झालं?

संगणकाचं आणि या जिल्ह्याचं नातं तसं जुनं आणि मानाचं. देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो आपल्याकडे, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला. पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सोनिया गांधी आल्या. यंत्रांनी माणसांच्या दहा बोटांचे ठसे घेतले, दोन्ही बुबुळं टिपली, चेहऱ्याचा फोटो काढला. आवाज तेवढा कुणी मागितला नाही. तेव्हापासून ती रीतच पडली असावी.

असो. आपल्या शाळेतल्या संगणकाकडे वळू.

पूर्वी हा आजार लपत नसे. विंडोज ९५ सुरू होताना एक छोटी सुरावट वाजायची. ती ब्रायन ईनो या नामवंत संगीतकाराकडून करून घेतली होती, आणि त्याने ती प्रतिस्पर्धी कंपनीच्या मॅकवर बसून केली, असं त्यानेच सांगून ठेवलंय. त्या काळात सकाळी सूर वाजला की आवाज जिवंत आहे हे सगळ्या वर्गाला कळायचं. विंडोज ८ पासून कंपनीने हे स्वागतसंगीत मुळातच बंद ठेवलं आणि ११ मध्ये पुन्हा सुरू केलं. मधल्या पिढीचे संगणक मुकाट्याने उठतात. आवाज गेलाय हे कळतं थेट व्हीसीच्या, म्हणजे व्हिडिओ बैठकीच्या, वेळी. पडद्यावर वरिष्ठांचे ओठ हलतायत, इकडे सगळे माना डोलावतायत. या अवस्थेचीही काहींनी सोय करून घेतलीय, हे नमूद केलं पाहिजे. ‘सर, आमचा माइक चालत नाहीये’ या एका वाक्याने या राज्यात जितके खुलासे टळले असतील, तितके कुठल्या स्थगिती आदेशानेही टळले नसतील.

तर ती लाल फुली दिसली, की स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारून ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये जा. तिथे ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ या ओळीखाली तुमचं आवाजाचं उपकरण दिसेल. बहुतेक ठिकाणी ‘रिअलटेक’ असं काहीतरी नाव असतं. त्याच्या चित्रावर खाली तोंड केलेला एक बारीक बाण असेल तर समजा, उपकरण बिघडलेलं नाही. त्याला बंद राहायला सांगितलंय. नावावर दोनदा टिचकी मारली की खुलासा येतो : ‘धिस डिव्हाइस इज डिसेबल्ड. कोड २२.’ म्हणजे रोग नाही, निलंबन आहे. पिवळा त्रिकोण दिसला असता तर गोष्ट वेगळी, तिथे ड्रायव्हरची भानगड असते. बाण म्हणजे हुकूम.

आणि हुकूम कुठेतरी लिहून ठेवलेला असतो. विंडोजच्या पोटात रजिस्ट्री नावाचं दप्तर आहे. एकदा कुणी ‘डिसेबल’ म्हटलं की तिथे नोंद पडते, आणि पुढच्या दर वेळी संगणक उठल्याउठल्या ती वाचून इमानेइतबारे पाळतो. सातबाऱ्यावरच्या बोज्यासारखं आहे हे. कर्ज आजोबांनी काढलं, वडिलांनी फेडलं, पण फेरफार कुणी केला नाही, तर नातवाला बँकेच्या दारात तो बोजा पुन्हा भेटतोच. ‘एनेबल’ म्हणणं हा फेरफार. साधा मामला असेल तर एवढ्याने बोजा उतरतो आणि रिस्टार्टनंतरही आवाज राहतो.

पण आपल्या शाळेत रोज फेरफार होतो आणि रोज सकाळी बोजा परत. म्हणजे तलाठ्याच्या मागे अजून कुणीतरी बसलंय.

संशयित बरेच आहेत. काहींना पटकन वाटेला लावू. पहिला, मॉनिटर किंवा प्रोजेक्टर. एचडीएमआयची तार जोडली की संगणक समजतो, आवाजही तिकडेच पाठवायचा. प्रोजेक्टरला स्पीकरच नसेल तर आवाज तिकडे जाऊन विरतो. इथे काहीही बंद नसतं, फक्त पत्ता चुकलेला असतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘प्लेबॅक’ची यादी उघडा, मोकळ्या जागेत उजवी टिचकी मारा, ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’ म्हणा, आणि खऱ्या स्पीकरला ‘डिफॉल्ट’ करा. दुसरा, सेवा. ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ या दोन सेवा आपोआप सुरू होण्यावर लावलेल्या असाव्या लागतात. कुणा हुशाराने ‘संगणक वेगवान करण्याच्या दहा युक्त्या’ वाचून त्या बंद केल्या असतील, तर कार्ड चालू असूनही घसा बसलेलाच राहतो.

तिसरा संशयित मोठा मजेशीर आहे. विंडोज ८ पासून ‘शटडाऊन’ म्हणजे पुरतं बंद होणं राहिलेलं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ नावाच्या सोयीत संगणक आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतो, आणि सकाळी तीच उचलून उठतो. रात्री आवाजाचा ड्रायव्हर अडकून पडला असेल, तर सकाळी तो तसाच अडकलेला उठू शकतो. उलट ‘रिस्टार्ट’ म्हटलं तर सगळं पाटी पुसून पहिल्यापासून. म्हणजे जे गुरुजी शाळा सुटताना शिस्तीत शटडाऊन करतात त्यांची गैरसोय, आणि मधेच वैतागून रिस्टार्ट मारणाऱ्याची सोय! कंट्रोल पॅनलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे ही सोय काढता येते. काढा. सकाळी अर्धं मिनिट जास्त लागेल. प्रार्थनेला तेवढा वेळ आहे.

चौथा, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल. सीआर २०३२ म्हणतात त्याला, तीन व्होल्टचा, कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो. तो मेला आणि शाळेने रात्री मेन स्विच पाडला, की बायोसमध्ये कुणी केलेले सगळे बदल विसरले जातात आणि कारखान्यातून आली तेव्हाची मांडणी परत येते. जुन्या संगणकात आवाज बायोसमधूनच बंद झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बाणही दिसत नाही, उपकरणाचं नावच गायब. ओळखायची खूण सोपी : घड्याळात भलतंच जुनं साल. मग संकेतस्थळंही उघडत नाहीत, कारण त्यांची सुरक्षा प्रमाणपत्रं संगणकाच्या मते अजून जन्माला आलेली नसतात. जिल्ह्यात ‘नेट नाही’ म्हणून ज्या तक्रारी गेल्या, त्यांतल्या काहींवर पन्नासेक रुपयांचा सेल हा उपाय होता, असं म्हटलं तर टॉवरवाले सुखावतील. सुखावू नये त्यांनी. धडगावकडे नेट खरंच नसतं.

आपल्या शाळेत यातलं काहीच नव्हतं. घड्याळ बरोबर, सेवा चालू, तार जागेवर. मग कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, बारक्या चित्रांच्या घोळक्यात एक चित्र दिसलं.

पांढरं अस्वल.

सातपुड्यातलं अस्वल काळं असतं, मोहाची फुलं खातं, आणि माणूस दिसला तर आधी दोघंही घाबरतात. हे ध्रुवावरचं. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या नंदुरबारात हे काय करतंय? तर ते राखण करतंय. ‘डीप फ्रीझ’ नावाच्या सॉफ्टवेअरची ती खूण. संगणकाच्या प्रयोगशाळांत, सायबर कॅफेत हे पूर्वीपासून बसवतात. त्याचं काम असं : एक दिवस ठरवून संगणक ‘गोठवायचा’. त्यानंतर कुणी काहीही करो, फाइल टाको, पुसो, व्हायरस आणो, सेटिंग बदलो, पुढच्या रिस्टार्टला सगळं रद्द आणि संगणक पुन्हा त्या गोठवल्या दिवसाच्या अवस्थेत. अस्वल आपलं काम चोख करतं. त्याच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. खुद्द विंडोजच्या काही आवृत्त्यांतही अशी गोठवणारी सोय आहे. प्रश्न एवढाच, गोठवला त्या दिवशी आवाज चालू होता की बंद?

बंद होता. का होता, याबद्दल माझा आपला एक कयास आहे. उद्घाटनाचा दिवस. फीत, नारळ, पाहुणे. पाहुणे उभे राहतात, ‘आजचं युग हे संगणकाचं युग आहे’ इथवर येतात, आणि मागून संगणक ‘टुंग’ करतो. पाहुणे थांबतात. पुन्हा सुरू करतात. पुन्हा ‘टुंग’. कुणीतरी कंत्राटदाराच्या पोराला डोळ्यांनी दटावतं : बंद कर ते! स्पीकरचं बटण फिरवणं त्याला सुचत नाही, तो थेट उपकरणच डिसेबल करतो. मनापासून काम करणारा पोरगा. संध्याकाळी मांडव उतरला, खोकी मोजली गेली, बिलावर सह्या झाल्या, आणि जाता जाता त्याने सगळे संगणक गोठवले. पासवर्ड टाकला. पासवर्ड त्याच्याच डोक्यात राहिला, आणि तो पोरगा आता सुरतेला असतो.

तेव्हापासून हा संगणक रोज सकाळी उद्घाटनाच्याच दिवशी उठतो. त्याच्या लेखी पाहुण्यांचं भाषण अजून संपलेलं नाही.

शहाद्याचा पोरगा हे ओळखत नव्हता का? मला वाटतं, पहिल्याच फेरीत ओळखलं असेल. पण त्याचा हिशेब फेरीवर आहे. आवाज कायमचा सुरू झाला तर त्याचा चहा आणि भाडं दोन्ही बुडतं. शिवाय वरच्या कार्यालयाला हवा असतो तो निकाली निघालेल्या तक्रारींचा आकडा, आणि रोज निघणारी तक्रार ही रोज निकालीही निघते. इतक्या कार्यक्षमतेचा तक्ता दुसऱ्या कुठल्या शाळेला जमणार आहे?

कुणी म्हणेल, एवढं काय आवाजाचं? पडद्यावर अक्षरं दिसतातच की. हे पुण्यात बसून म्हणणं सोपं आहे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता जेमतेम ६४ टक्के निघाली, राज्यात सर्वांत खाली, तेव्हा राज्याची होती ८२. दर दहांत सातजण आदिवासी. पहिलीत येणाऱ्या पोराच्या घरात भिली बोलतात, पावरी बोलतात, मावची बोलतात. पुस्तकातली मराठी त्याच्या कानावर नीट पडते ती शाळेतच. इंग्रजी तर सोडाच. अशा मुलासाठी संगणकाचा आवाज ही चैन नव्हे, वाचता येण्याआधी त्याला त्या यंत्राकडून जे काही मिळू शकतं ते सगळं त्या दोन स्पीकरांतून येणार असतं. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेत, ते टिपले की ‘दीक्षा’वरचे धडे, कविता, चित्रफिती उघडतात. आपल्या शाळेत उघडतातही. मुलं ओळीने बसून मुकी कविता बघतात. पडद्यावरच्या बाई तोंड हलवतात, मुलंही तोंड हलवतात. तपासणीला आलेल्यांनी ‘विद्यार्थी तल्लीन’ असा शेरा मारला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आणि शाळेच्या भिंतीबाहेर मात्र सगळं बोलतंय. मिरचीच्या पथारीजवळच्या टपरीवर डबा ओरडतो, ‘वीस रुपये प्राप्त झाले’. मतदानाचं यंत्र बीप करतं, तेही इतकं मोठ्यांदा की रांगेच्या टोकाला कळावं मत पडलं म्हणून. पैसे आणि मत घेणारी यंत्रं गेल्या कैक वर्षांत मुकी झाल्याचं ऐकलं नाही. त्यांच्या आवाजाची काळजी घेणारं कुणीतरी आहे, एवढाच याचा अर्थ.

आता करायचं काय ते सांगतो, नाहीतर सदरावर ‘नुसती टीका’ असा ठपका येईल. आधी परीक्षा घ्या. डेस्कटॉपवर एक नवा फोल्डर करा, ‘मिरची’ नाव द्या, संगणक रिस्टार्ट करा. मिरची जागेवर असेल तर अस्वल नाही, वरच्या संशयितांकडे परत जा. मिरची गायब झाली तर अस्वल किंवा त्याचं एखादं भावंड आत आहे, चित्र दिसो न दिसो, कारण ते चित्र लपवताही येतं. अशा वेळी आवाज सुरू करत बसणं म्हणजे शेऱ्यांची भरती. शिफ्टची कळ दाबून धरून अस्वलावर दोनदा टिचकी मारली की ते पासवर्ड मागतं. पासवर्ड दिला, की ‘बूट थॉड’ हा पर्याय निवडायचा आणि रिस्टार्ट करायचं. संगणक वितळलेल्या अवस्थेत उठतो. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये आवाज एनेबल करायचा, ‘टुंग’ ऐकायचं, मुलांच्या फाइलींसाठी न गोठणारी वेगळी जागा करून ठेवायची, आणि हे सगळं झाल्यावर पुन्हा ‘बूट फ्रोझन’. अस्वलाला हाकलायची गरज नाही. पेनड्राइव्हवरून येणाऱ्या व्हायरसांचा सुळसुळाट बघता ते कामाचं जनावर आहे. काम दहा मिनिटांचं.

पासवर्ड हरवला असेल तर दहा मिनिटांचे दोन दिवस होतात, बहुधा सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं लागतं. म्हणून मुख्याध्यापकांना, केंद्रचालकांना, आणि ज्यांच्या ताब्यात सरकारी संगणक आहे त्या सगळ्यांना विनंती : संगणक ताब्यात घेताना खोक्यांबरोबर पासवर्डही मोजून घ्या. अॅडमिनिस्ट्रेटरचा, बायोसचा आणि गोठवणीचा, तिन्ही, लेखी, कंत्राटदाराच्या सहीनिशी, आणि ते बिल मंजूर होण्याच्या आधी. बिल निघाल्यावर कंत्राटदाराचाही आवाज येत नाही.